पगारमर्यादेच्या वर्षातली भिंत

२ जून १९९४, गुरुवार

आज ऑर्विल ड्रेसलरला काढलं. सांगितलं मुख्य कोच हॅलोरननी. मी त्याच खोलीत खिडकीकडे तोंड करून उभा होतो. ऑर्विल दहा वर्षं आमच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा सेंटर होता. चेंडू फेकणाऱ्याच्या पुढे पाच जणांची जी भिंत उभी असते तिच्या मधोमध वाकून चेंडू मागे द्यायचा, आणि देण्याआधी समोरच्यांच्या पावलांवरून त्यांचा बेत ओळखून शेजारच्या चौघांना ओरडून सांगायचा. तो ओरडला की पाचही जण एका अंगाचे असल्यासारखे सरकायचे.

त्याने हॅलोरनशी हात मिळवला, माझ्याशीही मिळवला. म्हणाला, "गुडघा तसाही कुरकुरत होता, कोच."

गुडघा कुरकुरत होता हे खरं, पण काढलं ते गुडघ्यापायी नाही. लीगने यंदापासून नियम आणला आहे : खेळाडूंच्या पगारांची बेरीज ठरलेल्या आकड्याच्या वर गेलेली चालणार नाही. श्रीमंत असो की गरीब, सगळ्या संघांना एकच आकडा. म्हणजे म्हणे सगळे एका तोलाचे होतील. आमच्याकडे जे उत्तम होते तेच त्यामुळे जड झाले. मी शिकवलेली पाच जणांची भिंत सात वर्षं एकत्र उभी होती. दोघांना वसंतातच दुसऱ्या संघांनी नेलं, एकाने खेळ सोडला, आज ऑर्विल गेला. उरला एकटा कर्टिस मेब्री.

ऑर्विलला फोन करायला हवा. उद्या करीन.

९ जून, गुरुवार

मालकांनी हा नियम सांभाळायला एक वकीलबाई ठेवली आहे. रूथॲन टिलरी. वय पस्तिशीच्या आत. आज माझ्या खोलीत आली, खुर्चीवर चित्रफितींचा ढीग होता म्हणून खांद्याच्या पॅडांच्या पेटीवरच बसली आणि थर्मासातली कॉफी ओतून घेतली. मला विचारलंही नाही, हवी का म्हणून.

"सगळ्यात चांगली माणसं मी तुम्हाला देऊ शकत नाही, मिस्टर हव्रिला," ती म्हणाली. "पण कुठल्या एका गोष्टीवाचून तुमचं अगदीच अडतं, तेवढं सांगा."

मी चिडलेलो होतो. म्हटलं, "कान. पाय कसे टाकायचे ते मी शिकवतो, ताकद कशी लावायची तेही शिकवतो. ऐकायचं कसं, ते मला शिकवता येत नाही."

तिने ते लिहून घेतलं. वकिलांना लिहून घ्यायची सवयच असते.

मग मी तिला माझं मत ऐकवलं. भिंत उभी राहायला सात वर्षं लागतात. दर वर्षी माणसं पळवायची सोय करून दिलीत, तर कोणाचीच भिंत उभी राहणार नाही. सगळे संघ सारखे होतील, पण सारखे म्हणजे सारखेच मध्यम. शिवाय ड्राफ्टमध्ये जो संघ हरतो त्याला नवी पोरं आधी निवडायला मिळतात, म्हणजे हरल्याचं बक्षीस. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, आपल्या पोर्ट हार्मनची वस्ती दीड लाख, गल्फ सिटीची चाळीस लाख. हा नियम नसता तर पाच वर्षांनी इथं संघच उरला नसता.

"मध्यम खेळण्यापेक्षा न खेळलेलं बरं," मी म्हणालो.

"हे न्हाव्याच्या दुकानात बसून बोलून दाखवा. अर्धी दाढी तशीच ठेवून हाकलून देतील."

बाईची जीभ तिखट आहे.

१८ जुलै, सोमवार

सराव शिबिर सुरू. माझ्या पदरात काय पडलंय ते लिहून ठेवतो.

सेफो लेआवासा. मूळचा सामोआचा, कॅलिफोर्नियात वाढलेला, तीनशे तीस पौंडांचा. तीन संघांनी काढून टाकलेला. बोलतो इतकं हळू की माझ्या डाव्या कानाला काही कळत नाही. नोएल क्विग, आमचा नवा सेंटर. वय अठ्ठावीस. त्याला कोणी घेतलं नाही म्हणून दोन वर्षं मोंटानातल्या एका गावात शाळेत भूमिती शिकवत होता. रॉय पेटिट, पस्तीस वर्षांचा, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. आणि डेनी व्हॉस, ड्राफ्टच्या अगदी शेवटच्या फेरीत मिळालेला, चेहऱ्यावर अजून मुरमं.

मेब्रीने चौघांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं.

एक चांगलं आहे : चौघंही, मी बोलतो तेव्हा माझ्या तोंडाकडे बघतात. असे चार एकाच वेळी मिळणं म्हणजे नशीबच. टिलरीबाईने त्यांना स्वस्त मिळाले म्हणून उचललं असणार.

क्विग मात्र छळतो. डावा पाय आधी टाक म्हटलं, की "का, कोच?" पाठ सरळ ठेव, "का, कोच?" आज मी त्याला म्हणालो, "मी सांगतोय म्हणून." त्याने मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. भूमितीचा मास्तर.

११ सप्टेंबर, रविवार

दुसरी हार. आणि चेंडू फेकणारा आमचा क्वार्टरबॅक टेरी लॅनहन जायबंदी.

माझं काम एकच आहे. क्वार्टरबॅक चेंडू फेकेपर्यंत त्याच्या अंगाला कोणाचा हात लागता कामा नये. गेल्या वर्षी अख्ख्या मोसमात टेरीला अकरा वेळा पाडलं होतं. आज एका दिवसात सहा वेळा पाडलं. सहाव्यांदा त्यांचा माणूस क्विग आणि सेफोच्या मधून आत आला. दोघांनाही वाटलं, तो दुसऱ्याचा आहे. टेरीची पाठ वळलेली होती. खांदा निखळल्याचा आवाज मला बाकापर्यंत ऐकू आला, निदान मला तसं वाटलं.

क्विग त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसून राहिला. त्याला उठवायला सेफोला जावं लागलं.

खोलीत गेल्यावर मी हॅलोरनना सांगितलं, हा मोसम संपला की मी थांबतो. ते म्हणाले, "आधी संपू तर दे, लेन."

ऑर्विल असता तर एक शब्द ओरडला असता आणि ते भोक बुजलं असतं. त्याला अजून फोन केलेला नाही. आता काय तोंडाने करणार?

९ ऑक्टोबर, रविवार

सहा सामने, चार हरलो. पण आज तिसऱ्या डावात एक गोष्ट घडली, ती लिहून ठेवायला हवी.

आम्ही धावायची चाल खेळत होतो. समोरचे अचानक डावीकडे सरकले. क्विग काहीतरी ओरडला, आणि पाचही जण एकाच वेळी उजवीकडे फिरले. रॉयचे पट्टेवाले गुडघेसुद्धा. फट इतकी रुंद पडली की त्यातून दुधाची गाडी गेली असती. जेमतेम तीन सेकंद. मग पुढच्या चालीला पुन्हा सगळे एकमेकांच्या पायांत. हरलो ते हरलोच.

परतीच्या विमानात मेब्री सात वर्षांची आपली खिडकीजवळची जागा सोडून मागे गेला आणि क्विगच्या शेजारी बसला. मेब्रीने खिशातून शेंगदाण्याची पुडी काढली आणि मधे ठेवली.

१६ ऑक्टोबर, रविवार

जिंकलो. टेरीच्या जागी खेळणाऱ्या पोराला फक्त एकदा पाडलं.

माझी बायको इर्मा म्हणते, मी अंघोळ करताना शीळ घालत होतो. शक्यच नाही. मी शीळ घालत नाही.

६ नोव्हेंबर, रविवार

लागोपाठ चौथा विजय. टेरी परत आला आहे, आणि त्याची पँट सामना संपेपर्यंत पांढरी राहिली.

पण मला वेगळंच काहीतरी लिहायचंय. दुसऱ्या डावात क्विग ओरडला, "दूधवाला!" आणि सगळे आतल्या बाजूला दाबले गेले.

हा शब्द माझ्या वहीत नाही. मी कोणाला शिकवलेला नाही. हा ऑर्विलचा शब्द. समोरचा कोपऱ्यातला गडी पहाटेच्या दूधवाल्यासारखा चोरपावलांनी पुढे सरकला, की ऑर्विल तसं ओरडायचा. जुन्या पाच जणांखेरीज तो कोणाला ठाऊक नव्हता. मला आधी वाटलं मेब्रीने सांगितला. मेब्रीने खांदे उडवले.

मग क्विगला गाठलं. तो पायाच्या पट्ट्या सोडत होता. आधी लाल झाला, मग म्हणाला, "मी ऑर्विलना दर मंगळवारी फोन करतो, कोच. टेरी पडला त्या आठवड्यापासून. तुम्हाला सांगणार होतो."

"त्याचा नंबर कोणी दिला?"

"टिलरीबाईंनी."

गाडीत बसलो आणि बराच वेळ किल्लीच फिरवली नाही. राग आला होता, पण कोणाचा ते सांगता येत नव्हतं. माझ्या पाठीमागे माझी भिंत दुसराच कोणीतरी बांधत होता, आणि त्याला मी पाच महिन्यांत एकदा विचारलं नव्हतं की बाबा रे, कसा आहेस.

८ नोव्हेंबर, मंगळवार

ऑर्विलकडे जाऊन आलो. त्याच्या सासऱ्याची सफरचंदाची बाग आहे, इथून चाळीस मैलांवर. तो शेडमध्ये सफरचंदं निवडत होता, चांगली एका खोक्यात, डागाळलेली रस काढायला दुसऱ्यात. मला बघून थांबला नाही. हात चालूच.

मी वाटेत बरंच काही बोलायचं ठरवलं होतं. त्यातलं काही आठवलं नाही. म्हणालो, "मी फोन करणार होतो."

"हो."

"दर आठवड्याला ठरवायचो."

"तुम्ही केला नाहीत, कोच," तो म्हणाला. "त्याने केला."

त्याच्या आवाजात राग असता तर सोपं गेलं असतं. नव्हता. मी कोट काढून ठेवला आणि त्याच्यासमोर उभा राहून निवडायला लागलो. तासभर आम्ही निवडत होतो. मी डागाळलेली चारपाच चांगल्यांत टाकली, ती त्याने उचलून दुसऱ्या खोक्यात टाकली.

मग तो आपणहून बोलायला लागला. क्विगबद्दल. "तो प्रत्येक गोष्टीला का विचारतो. पहिल्यांदा मला उत्तरच देता येईना. मी दहा वर्षं ते केलं, पण का करतो ते मला कोणी विचारलंच नव्हतं. तुम्हीसुद्धा नाही. आता सोमवारी दिवसभर मी उत्तरं जुळवत बसतो."

त्याची बायको लोर्ना कॉफी घेऊन आली. तिने सांगितलं की रविवारी हा टीव्हीसमोर बसत नाही, वाकतो. गालिच्यावर हात टेकून, सेंटरसारखा. कुत्रा घाबरून बाहेर पळतो. ऑर्विल म्हणाला, "लोर्ना, पुरे."

निघताना त्याने मला खोकंभर सफरचंदं दिली. गाडीपर्यंत उचलून आणताना पाय ओढत होता. खेळणं संपलंय त्याचं, ते खरं. पण येताना अर्ध्या वाटेत मला एक गोष्ट सुचली, आणि मी गाडी इतकी जोरात हाणली की पोलिसाने थांबवलं. त्याने मला ओळखलं आणि रविवारच्या शुभेच्छा देऊन सोडलं.

९ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी टिलरीबाईच्या दारात उभा. म्हटलं, "मला एका नियमाचं विचारायचंय. पगाराची ही मर्यादा खेळाडूंवर आहे. शिकवणाऱ्यांवर आहे का?"

"नाही," ती म्हणाली. "प्रशिक्षक कितीही ठेवा. लीगला त्याचं काही देणंघेणं नाही."

"मग ऑर्विल ड्रेसलरला माझा साहाय्यक म्हणून घ्यायचं असेल तर?"

तिने खण उघडला आणि टाइप केलेला करार माझ्यासमोर ठेवला. ऑर्विलचं नाव, हुद्दा, सगळं भरलेलं. फक्त माझी शिफारस म्हणून सही राहिली होती. इतक्या झटपट काम करणारी बाई मी पाहिली नाही. वर कोपऱ्यात तारीख मात्र ३ ऑगस्ट पडली होती. टाइप करणाऱ्याची चूक असणार. मी ती दाखवली, तेव्हा ती म्हणाली, "हो, बदलून घेते," आणि थर्मास माझ्यापुढे सरकवला.

कॉफी चांगली होती.

२४ नोव्हेंबर, गुरुवार

आभारदिनाचा सामना. जिंकलो. इर्माने टर्की उशिरा केली आणि भिंतीतले पाचही जण घरी जेवायला आले, ऑर्विल आणि लोर्नाही. सेफोच्या आईने विमानाने पाठवलेला डबा होता, नारळाच्या दुधात शिजवलेली पानं. डेनीने आधी नाक मुरडलं, मग तीनदा घेतलं. ऑर्विल आणि क्विग मिठाच्या डब्या आणि मिरपुडीच्या डब्या ओळीने लावून भांडत होते. मेब्रीने मधेच सॉसची बाटली उचलून कोपऱ्यात ठेवली आणि म्हणाला, "हा दूधवाला. आता काय करशील?" मेब्री हसताना मी सात वर्षांत दोनदा पाहिला असेन.

इर्मा भांडी विसळताना म्हणाली, "तू मोसम संपला की थांबणार होतास ना?"

म्हटलं, अजून संपलेला नाही.

१५ जानेवारी १९९५, रविवार

अंतिम फेरीत. वरची तारीख दोनदा चुकली, दोनदा खोडली. थंडीमुळे.

२५ जानेवारी, बुधवार

आमची गाठ गल्फ सिटीशी आहे. गेल्या सहा वर्षांत तीनदा विजेते. त्यांच्या कोचची आज पेपरात मुलाखत आली आहे. तो म्हणतो, या नियमांनी खेळ पातळ केला, थोर संघ बांधायला वेळ लागतो आणि लीग तो वेळच देत नाही, बाहेर टाकलेल्या माणसांचे संघ अंतिम सामन्यात पोचू लागलेत हीच घसरणीची खूण. मी दोनदा वाचलं. जूनमध्ये मी हेच बोललो होतो, जवळजवळ याच शब्दांत. एकही वाक्य खोडता येत नाही.

मुलाखत कापून ड्रेसिंग रूममध्ये भिंतीला चिकटवली. "बाहेर टाकलेल्या माणसांचे" हे शब्द सेफोने बोट ठेवून वाचले. मग आपल्या नेहमीच्या हळू आवाजात म्हणाला, "माझं नाव लिहायला हवं होतं त्यांनी."

२९ जानेवारी, रविवार

सगळं लिहितो, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

शेवटची सात मिनिटं उरली होती. आम्ही चार गुणांनी मागे. चेंडू आमच्याच अकराव्या यार्डावर. म्हणजे त्यांच्या टोकाची रेघ ओलांडून सहा गुण मिळवायला एकोणनव्वद यार्ड जायचं होतं, समोर देशातली सगळ्यात महाग फळी. हॅलोरननी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांना वाटत होतं आता टेरी लांब फेकणार. मी म्हणालो, "धावू या." ऑर्विल माझ्या शेजारी होता, तो म्हणाला, "डावीकडून. त्यांचा नव्वद नंबर दमलाय, हात कमरेवर ठेवायला लागलाय."

चार यार्ड. सहा यार्ड. तीन. पुन्हा सहा. सुंदर काही नव्हतं त्यात. ढकलायचं, पडायचं, उठायचं, ओळीत यायचं. नवव्या चालीनंतर त्यांचा नव्वद नंबर उठायला वेळ लावू लागला. बाराव्या चालीनंतर सेफोने त्याला हात देऊन उठवलं. मेब्री मला नंतर म्हणाला, त्या माणसाचे डोळे तेव्हाच हरले होते.

रॉयचा एक पट्टा तुटला. त्याने तो काढून माझ्या पायाशी फेकला आणि तसाच परत गेला.

पंधरावी चाल. बावीस सेकंद, दोन यार्ड. त्यांचे अकराच्या अकरा जण मधोमध दाटीने उभे. क्विग वाकला, बघितलं, आणि मान वर करून थेट बाकाकडे, ऑर्विलकडे पाहिलं. ऑर्विलने काहीच खूण केली नाही. हात खिशात घातले. मी त्याच्यावर खेकसणार होतो, तेवढ्यात क्विगने स्वतःच ओरडून काहीतरी सांगितलं. तो शब्द मला ठाऊक नव्हता. ऑर्विललाही नव्हता, मी विचारलं. तो त्या पाच जणांचा स्वतःचा शब्द होता.

आणि भिंत हलली. पाचही जण एकदम, कोणाचा खांदा पुढे नाही, कोणाचा मागे नाही. समोरचे अकरा जण दार ढकलावं तसे मागे गेले आणि आमचा धावणारा गडी उभ्याने, कोणाचाही हात न लागता, रेघेच्या आत चालत गेला.

ऑर्विलने मला मिठी मारली तेव्हा माझा चष्मा फुटला. पुढचं सगळं मी अंधुक पाहिलं. खरं सांगायचं तर चष्मा असता तरी अंधुकच दिसलं असतं.

३१ जानेवारी, मंगळवार

उणे आठ तापमान, तरी बंदराच्या रस्त्यावर उभं राहायला जागा नव्हती. दीड लाखांतला एकही घरात राहिला नसेल. भिंतीतल्या माणसांना कधी कोणी ओळखत नाही, फोटो नेहमी क्वार्टरबॅकचे. आज लोक सेफोचं नाव ओरडत होते, रॉयचं ओरडत होते. एका म्हातारीने मालट्रकच्या कडेवर चढून क्विगचा चेहरा दोन्ही हातांत धरला. टिलरीबाई दुसऱ्या ट्रकमध्ये मालकांच्या मागे कुठेतरी होती. मी ट्रक थांबवला, उतरलो आणि तिला हात धरून आमच्या ट्रकमध्ये आणलं. नको नको म्हणत होती. डोळे पुसत होती, वाऱ्याने पाणी येतं म्हणाली. इथला वारा आहेच तसा.

मेब्री माझ्याशेजारी उभा होता. त्याचा करार संपलाय आणि त्याला आम्ही ठेवू शकणार नाही, हे त्याला ठाऊक आहे. सेफोलाही बहुधा ठेवता येणार नाही. तीन वर्षं जरी हे पाच एकत्र राहिले असते तर काय झालं असतं, याचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून मी त्याला विचारलं, दोन्ही भिंतींत उभा राहिलेला तू एकटाच, खरं सांग, जास्त चांगले कोण?

तो गर्दीकडे हात हलवत राहिला.

"पहिले पाच, कोच," तो म्हणाला. "त्यात शंकाच नाही. त्यांनी या पाच जणांना मैदानाबाहेर फेकलं असतं."

"मग माझंच बरोबर होतं."

"असेल. पण त्या पाच जणांना घेऊन आपण गल्फ सिटीपुढे तीनदा उभे राहिलो, आणि तिन्ही वेळा आपले दोन गडी लंगडत होते आणि बाकावर त्यांची जागा घेणारा कोणी नव्हता. त्यांच्या बाकावर दहा होते. यंदा या नियमापायी त्यांच्याही बाकावर कोणी नव्हतं." तो माझ्याकडे वळला. "यंदा पहिल्यांदा ते आपल्याइतकेच दमले, कोच."

तेवढ्यात बर्फात अडकलेल्या मालजहाजांनी भोंगे वाजवायला सुरुवात केली, एकामागून एक, बंदराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. ट्रकची फळी पायाखाली थरथरत होती. मी टोपी काढली, उंच धरली आणि सगळ्या गावासारखाच घसा फुटेस्तोवर ओरडलो.